सासुरवाडीकडून आणलेली बाई

भद्रावती,
१४ जून १९९८

प्रिय अमर,

गाडीत बसल्यावर आईनं खिडकीतून मला विचारलं, "डोर्लीकर बाईकडं आता पुढचं कार्य कधी हाये वं?" मी नुसती मान हलवली आणि गाडी सुटली. या प्रश्नाचं उत्तर तुला येतं का बघ.

तुझं पत्र पोचलं. नागपूरचं ट्रेनिंग बरं चाललं आहे, मेसची भाजी तिखटजाळ असते, हे वाचलं. मी ठीक आहे. पाचवा महिना संपत आला. दवाखान्यात रक्त कमी सांगितलं, गोळ्या चालू आहेत. ऊन अजून उतरलेलं नाही. शाळा उघडायच्या आधी चौथीच्या वर्गासाठी जुनी पुस्तकं गोळा करते आहे, पेटीभर झाली.

तू विचारलंस, "आई इतक्या लवकर का गेल्या? कोणी काही बोललं का?"

कोणीही काहीही बोललं नाही. आपल्या लेआउटमध्ये कोणी कुणाला काही बोलतच नाही, म्हणून तर तू ते घर पसंत केलंस. शांत वस्ती आहे म्हणालास. आहेच. सकाळची चंद्रपूरची गाडी माणसं घेऊन गेली, फॅक्टरीवाल्यांच्या स्कूटर गेल्या, की संध्याकाळपर्यंत कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकायच्या. आईला ती शांतता कळलीच नाही. "येवढे फाटकं, अन् गाय एकबी नाई. मंग हे लोक अडवून कोणाले राह्यले?" असं ती म्हणाली तेव्हा मी पोट धरून हसले होते. तू पेपर वाचत होतास.

तिनं गावच्या तलावातले सुके झिंगे फडक्यात बांधून आणले होते. मी ते कढईत टाकले, वास सुटला, तेव्हा तू उठून एकेक खिडकी लावलीस. आईला वाटलं, वाऱ्यानं स्टोव्ह विझू नये म्हणून. "जावई समजदार हायेत," असं ती मला हळूच म्हणाली. वरोऱ्याला तुझी आई हेच झिंगे दार सताड उघडं टाकून भाजते. आईसमोर ते कसं बोलणार?

खरं लिहायचं ते अजून लिहिलेलंच नाही.

समोरच्या डोर्लीकरांनी वरचा मजला चढवला, त्याची वास्तुशांत होती. तू ऑफिसला गेला होतास, मी शाळेच्या मीटिंगला. मी संध्याकाळी आले तर आई ओट्यावर पाय चोळत बसली होती आणि तिचा चेहरा असा फुलला होता, की मी आधी विचारलंच नाही काय झालं ते. तिनंच सांगितलं.

"समोरच्या घरून आवाज देल्ला मले. 'बाई, जरा हात लावता का?' म्हणे. मी म्हटलं, बोलावलं तं जावं लागते. कार्यघर हाये. पावशीवर बसली, पोतंभर वांगे चिरले. मंग एवढाले गंज होते, ते घासले. पण काय मान देल्ला वं दामिनी! कोणी म्हातारी म्हणे नाई, कोणी ए म्हणे नाई. लहानथोर सगळे बाईच म्हणत. बाई इकडं या, बाई हे घ्या."

तुला माहीत आहे आमच्या गावात बाई कोणाला म्हणतात ते. मोठ्या बहिणीला म्हणतात. तुझ्या घरीही म्हणतात. तुझ्या ताईला तू लग्नाच्या मांडवात "बाई" म्हणून हाक मारलीस ती मी ऐकली आहे. आईला पाठचं भावंड नाही, तिला बाई म्हणणारं कोणी कधी नव्हतंच. एका दिवसात चाळीस जणांनी म्हटलं.

जेवायला तिला मागच्या पायरीवर बसवलं होतं. "तिथी वारा लागते, म्हून," असं ती म्हणाली. जाताना डोर्लीकर वहिनींनी तिला साडी दिली, नेसलेली, काठाला जरा विरलेली. आईनं ती माझ्यासमोर उलगडली. "आंगची हाये, पण बहिणी-बहिणी नेसतेतच ना एकमेकीच्या?"

मी हो म्हटलं. आणि दोन दिवसांनी, तू नागपूरला गेलास त्यानंतर, शाळेचं काम आहे असं काहीतरी सांगून तिला गाडीत बसवून दिलं. ती निघाली तीच साडी नेसून.

तोवर मला वाटत होतं, चूक डोर्लीकरांची. तुला लिहून कळवू, तू चिडशील, आपण दोघं मिळून जाऊ आणि सांगू. पण मग वहिनींनीच मला फाटकात थांबवलं.

"अहो, तुमची बाई परत कधी येणार? काय हात आहे तिचा! आमची सारखी दांड्या मारते. दुपारचा तासभर पाठवाल?"

"कोणती बाई?"

"ती हो, गावाकडची. यांनी बसस्टॉपवर तुमच्या साहेबांना विचारलं, कामाला बाई कुठून मिळाली? तर म्हणाले, सासुरवाडीकडून आणली."

मी म्हटलं, "ती माझी आई आहे."

त्या म्हणाल्या, "असं होय! ओळखू आलं नाही हो. मनावर घेऊ नका हं." आणि आत नेऊन चहा दिला. वेलची घालून. मी तो प्याले. त्या भांडल्या असत्या, तर मलाही भांडता आलं असतं. दुसऱ्या दिवशी लेआउटमधल्या बायका फाटकातून माझ्याकडे बघून नेहमीपेक्षा जरा जास्तच गोड हसल्या.

आता तू म्हणशील, मी खोटं काय बोललो? आपल्या बोलीत बाई म्हणजे मानाचीच. पण अमर, त्या वस्तीत तू आपली बोली कधी बोललास? मी चुकून "मले" म्हटलं तर टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावतोस. "सासुरवाडीकडून आणली" हे वाक्य किती विचार करून केलंस, की आपोआपच सुचलं? मला कळेना, यातलं कोणतं जास्त वाईट.

कॉलेजच्या शिबिरात तू बोलला होतास, कष्टाची लाज बाळगणाऱ्याच्या घरी मी पाणी पिणार नाही. मी पहिल्या रांगेत होते. घरातली पहिली शिकलेली मुलगी, तुझं वाक्य वहीत उतरवून घेत होते. कष्टाची लाज तुला अजूनही नाही. कष्टकऱ्याचं नातं मात्र तुला सांगता येत नाही.

संघप्रियाला मी हे सगळं सांगितलं. ती आमच्या शाळेत विज्ञान शिकवते, तुला आठवत असेल. ती म्हणाली, "आम्हाला तर खोली द्यायच्या आधीच आडनाव विचारतेत. तुझी चौकशी करायला त्यांना वर्ष लागलं, नशीबवान आहेस." ती हसली, मग मीही हसले. पुष्कळ दिवसांनी.

आईला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तिला मिळालेला तो एक दिवस मी हिरावून घेणार नाही. पण बाळंतपणाला ती येणार, आणि आल्या दिवशीच डोर्लीकरांच्या फाटकाशी जाऊन उभी राहणार. तेव्हा त्या बायका तिला काय म्हणतील, आणि कशा हसतील, ते तिनं बघायचं नाही.

म्हणून गुरुवारी मी भद्रावती गावातच, संघप्रियाच्या गल्लीत, खोली घेतली. माझं सामान आणि पुस्तकांची पेटी बंडीत टाकून घेऊन आले. आईला निरोप धाडला, इथून शाळा जवळ पडते. काल ती खोली बघायला आली. घरमालकिणीला मी आधीच सांगून ठेवलं होतं, येणार आहे ती माझी आई आहे. तुझ्या वस्तूंना हात लावलेला नाही. त्या घराची चावी मालकांकडे ठेवली आहे.

तुझं मत विचारण्यासाठी हे लिहीत नाही. जे झालं ते कळवते आहे.

मैनाबाईची मुलगी,
दामिनी