वगळलेली पानं

१० ऑगस्ट २०२५, रविवार

सकाळी वंदना झाली आणि तिथेच विहारात बसून पुस्तक संपवलं. घरी चहा निवून गेला. बायको रागावली. रागवू दे! एका निवृत्त वनरक्षकाच्या आठवणी आहेत. फुशारकी नाही. वाघ दिसला तर दिसला, नाही तर नाही म्हणतो. चिमूर तालुक्यात जन्म गेला माझा, आणि वाघाबद्दल इतकं कमी माहीत!

वर्षावासात, पावसाळ्याच्या या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथ मी वाचतो. रविवारी ग्रंथ झाला की अलीकडे आवडलेलं एखादं पुस्तकही सांगतो, थोडं वाचून दाखवतो. मागे एसटीतल्या कंडक्टर बाईची कादंबरी सांगितली — बायका हसून लोळल्या. मग धानाच्या जुन्या वाणांवरचं पुस्तक. मला फार आवडलं, पण अर्धा विहार पेंगला. दोष पुस्तकाचा नाही. धानाच्या बांधीत, चिखलात दिवसभर राबून आलेली माणसं.

येत्या रविवारी हे वाघाचं. पण त्यात मोहफुलं वेचताना वाघाने नेलेल्या माणसाचं प्रकरण आहे. आणि पहिल्या चटईवर गिरजाबाई बसते. तिचा नवरा सुकलू असाच गेला — चैत्रात, मोहाखाली.

१२ ऑगस्ट

विहार समितीचे अध्यक्ष सोमाजीभाऊ यांना विचारलं. म्हणाले, ‘बाहेर वाघ कमी हायेत काय, तू आत आणून राह्यला?’ मग म्हणे, ‘सुकलू पिऊन पडला होता, म्हणून वाघाले सापडला. कायले उकरतं?’

हे ते गिरजाबाईच्या देखतही म्हणतात. ती खाली बघते. आता तर सगळं गावच म्हणतं.

१७ ऑगस्ट, रविवार

वाचलं. ते प्रकरण गाळलं. लोक खूश. बाहेर चपला घालताना गिरजाबाईने गाठलं.

‘भाऊ, पानं लय पलटवली तुमी. वाघ पाणी पिऊन राह्यला होता, अन् एकदम साहेबाची बदली?’

म्हणालो, उशीर होत होता.

‘मी शिकली नाई. बहिरी नाई!’

१८ ऑगस्ट

करुणा म्हणावं तर करुणा नाही. भ्यालो.

२१ ऑगस्ट

ते प्रकरण आज पुन्हा वाचलं. वनरक्षक लिहितो — मोह वेचणारा खाली वाकलेला असतो, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही, चरणारं जनावर दिसतो. तो मेलेला माणूस थेंबही न पिणारा होता. रोज त्याच झाडाखाली जाणारा.

पहिल्यांदा वाचताना मी नुसतं रक्त पाहिलं होतं. आणि नेमकी हीच पानं तिच्यापासून लपवली!

तसाच बांधीवर गेलो. गिरजाबाई चिखलात वाकून निंदत होती. वाक्य तिथेच सांगून टाकावं वाटलं. नाही सांगितलं. ज्या गावासमोर तिची मान खाली गेली, त्या सगळ्यांसमोरच वाचायला हवं. एवढंच विचारलं — रविवारी ती पानं वाचू का? वाचवत नाहीत इतकी कठीण आहेत.

ती उभी राहिली. हात पदराला पुसले.

‘जंगलात त्याले पाहाले मीच गेली होती, भाऊ. पुस्तक मले अजून काय दाखवन?’

२३ ऑगस्ट

सोमाजीभाऊ घरी आले. ‘बाई रडली तं? विहारात तमाशा होईन.’

‘रडू द्या. वाचणार.’

‘मंग मी येत नाई.’

‘या, भाऊ,’ मी म्हणालो. ‘तुम्ही तर याच.’

२४ ऑगस्ट, रविवार

वाचली. सगळी पानं, सावकाश. गिरजाबाई रडली नाही. वाकलेल्या माणसाचं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं, मग अजून एकदा. मग पहिल्या चटईवरून मागे वळली —

‘आयकलं का, सोमाजीभाऊ?’