श्री. कखग यांचे घोडे

१ डिसेंबर, सकाळ
या वर्षी नाताळची सुट्टी सुट्टीसारखी घ्यायची. पक्कं ठरलंय. वीस तारखेला सगळी कामं हातावेगळी, लॅपटॉप कपाटात, चोवीसला सासरी. गेल्या वर्षी मी सुट्टीभर सासऱ्यांच्या माळ्यावर मोबाईलची रेंज शोधत बसलो होतो. तसं यंदा होणार नाही. फ्रीलान्सर माणसाला शिस्त लागते आणि माझ्याकडे ती उपजत आहे.

१ डिसेंबर, दुपार
सकाळी शिस्तीबद्दल लिहून झाल्यावर जरा पडलो होतो. आता उठलो. हातात दोन कामं. दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट सिस्टिम आणि सासऱ्यांची वेबसाइट. दोन्ही नाताळच्या आत हवीत. जगातल्या प्रत्येकाला सगळं नाताळच्या आत का हवं असतं, कळत नाही. नंतर काय जग बुडणार आहे?

३ डिसेंबर
सासरे लाकडी खेळणी करतात. पुढे दुकान, मागे करवती-रंध्यांची खोली. हल्ली गिऱ्हाईक कमी. म्हणून वेबसाइटची आयडिया माझी. बायकोला तेव्हा माझा फार अभिमान वाटला होता, त्यामुळे माघार घेता येत नाही. आज बाबांना डिझाइन दाखवलं. सगळं छान आहे, फक्त तो चित्रातला घोडा जरा मोठा करा, असं म्हणाले. क्लायंट नावाच्या प्राण्याला काहीतरी मोठं करून हवंच असतं. बाबा मला अजून अहो-जाहो करतात. त्यामुळे त्यांची साधी सूचनासुद्धा नोटिशीसारखी वाटते.

५ डिसेंबर
साइट सुरू! कडक टेस्टिंग केलं. फॉर्मला खरा पत्ता लागतो, म्हणून आमच्याच बिल्डिंगचे सगळे फ्लॅट एकेक करून टाकले. पत्ता थेट कुरिअर कंपनीकडे जातो, बाबांना मेसेजमध्ये फक्त नाव दिसतं. नावं सुचेनात, तेव्हा कखग, चछज, टठड अशी दिली. पैसे न भरताच 'पैसे मिळाले' असं दाखवायची सोय केली होती. सोळा ऑर्डरी, सोळाही पास. एक चूक नाही! या ऑर्डरी पुसून टाकणार इतक्यात डॉक्टरचा फोन. त्याच्या साइटवरचा दात त्याला मोठा करून हवा आहे. पुसायचं काम उद्या.

८ डिसेंबर
उद्या म्हणजे सहा तारीख असं मनात होतं. राहून गेलं.

आज बाबांचा फोन. इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. पहिल्याच दिवशी सोळा घोड्यांची ऑर्डर आली, तीन दिवस हात थांबलेला नाही, सगळी पार्सलं आज सकाळी रवाना केली, असं सांगत होते. शेवटी विचारलं, हे कखग म्हणजे कुठले लोक? मी म्हणालो, ग्राहकांची प्रायव्हसी असते बाबा, नावं झाकून येतात. हे वाक्य तोंडातून कसं निघालं, मला माहीत नाही. फोन ठेवला.

उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे त्यांना खरं सांगणं. तीन मिनिटांचा विषय आहे.

९ डिसेंबर
सांगितलं नाही. बाबांना सकाळी फोन केला तर कामात व्यत्यय. दुपारी ते झोपतात. संध्याकाळी मी मनाने थकलेला असतो.

खऱ्या ऑर्डरी: शून्य. काळजीचं कारण नाही. बाजार तापायला वेळ लागतो.

११ डिसेंबर
कुरिअरवाला आला. आमच्या जिन्यावरून वरपासून खालपर्यंत बेल वाजवत गेला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. बाहेर आलो तेव्हा दारात पार्सल. फ्लॅट नंबर चार, श्री. टठड. आमच्याच घराच्या पत्त्यावरसुद्धा टेस्ट केली होती, हे विसरूनच गेलो होतो.

आत घोडा. चार चाकं, ओढायला दोरी, मानेवर बारीक कोरलेली आयाळ. सोबत बाबांच्या अक्षरातलं कार्ड: "टठड साहेब, आपण दूर राहूनही आमच्यावर विश्वास ठेवलात. आयाळ हाताने कोरली आहे. चाक कुरकुरलं तर फोन करावा." खाली दुकानाचा नंबर आणि वेबसाइटचं नाव. कार्ड वाचून मला खरंच वाईट वाटलं. नुसतं भीतीने नाही, वाईटच वाटलं.

घोडा वॉशिंग मशीनमध्ये लपवला.

१२ डिसेंबर
बायकोने कपडे धुवायला मशीन उघडलं. आपल्या बापाचा घोडा ती अंधारातही ओळखेल. मी चाचरत म्हणालो की बाबांना आधार म्हणून मी गुपचूप एक विकत घेतला. तिचे डोळे भरून आले. मला जवळ घेऊन म्हणाली की तू वरून असा वेंधळा दिसतोस, पण आतून सोनं आहेस. तिने घोडा टीव्हीशेजारी ठेवलाय. तो माझ्याकडे बघतो.

जिन्यात दिवसभर चाकांचा खडखडाट. बिल्डिंगमधल्या प्रत्येक पोरापाशी घोडा. हे कुणी पाठवलं, यावर लोकांच्या पैजा लागल्यात. बायकोला वाटतं, वेबसाइट बघून त्यांनीच मागवले आणि आता गंमत करतायत. मी खाली मान घालून दूध आणतो.

१३ डिसेंबर
बाबांचा फोन. ऑर्डरी अचानक का थांबल्या? काही चुकलं का आपलं? घोडा आवडला नाही का त्यांना? आवाज एकदम बारीक. मला ते ऐकवेना.

साइटवर लोड टेस्टिंग करणं तसंही बाकी होतं. एकदम जास्त गिऱ्हाईक आलं तर साइट तग धरते का, हे बघणं डेव्हलपरचं कर्तव्यच आहे. सहा ऑर्डरी टाकल्या. शेजारच्या बिल्डिंगचे पत्ते. साइटने उत्तम तग धरला.

१५ डिसेंबर


बायको संध्याकाळी नाचतच आली. बाबा दुकानाची जागा सोडतायत! वेबसाइट असताना भाडं कशाला भरायचं, असं त्यांनी ठरवलंय. चोवीस तारखेला चार वाजता जागामालक चावी न्यायला येणार. अवजारं घरी परसात आणायची आणि पुढचं सगळं ऑनलाइन. म्हणजे माझ्यावर. तिने मला विचारलं की तू असा पांढराफटक का पडलास. मी म्हणालो, आनंदाने.

चाळीस वर्षांचं दुकान. आणि ते जाणार कखगच्या भरवशावर.

१६ डिसेंबर
आज दुकानात जाऊन समोरासमोर सांगून टाकायचं. बसमध्ये तीन वेळा मनातल्या मनात म्हणून बघितलं. छान जमत होतं.

दुकानात लाकडाचा वास. बाबा वाकून घोड्याचा कान घासत होते आणि शिट्टी वाजवत होते. मला बघून हात पुसले, स्टूल पुढे केलं, स्वतः उभे राहिले. रिकामी झालेली फळी दाखवली. ही फळी रिकामी बघून किती वर्षं झाली असतील, सांगा बघू, असं मला विचारलं. मी म्हणालो, बरीच. तास गेला. येताना काय ठरवून आलो, तर मुखपृष्ठावरचा घोडा आणखी मोठा करायचा.

१७ डिसेंबर
ईमेल लिहिला. खोडला. बाबा ईमेल वाचत नाहीत हे नंतर आठवलं. बायकोला सांगावं तर ती टीव्हीशेजारच्या घोड्याला रोज फडक्याने पुसते. डॉक्टरचे पाच मिस्ड कॉल. फोन उशीखाली ठेवलाय. उशी थरथरते.

१८ डिसेंबर, दुपार
सुटलो! उपाय सापडला. मी वेब डेव्हलपर आहे. माणसाने आपल्या माध्यमातून बोलावं. साइटच्या पहिल्याच पानावर, घोड्याच्या वर, पिवळ्या पट्टीत सूचना टाकली:

"या वेबसाइटवर आजवर आलेली प्रत्येक ऑर्डर बाबांच्या जावयाने स्वतः टाकलेली आहे. आधी टेस्टिंगसाठी, नंतर भीतीपोटी. बाबा, कृपया दुकान सोडू नका. क्षमस्व."

खाली दुकानाचा फोन नंबर आपोआप येतो. स्वतःच्या दुकानाची साइट मालक रोज उघडतोच. बाबा वाचतील, दोन दिवस रागावतील, चोवीसपर्यंत निवळेल. शौर्य म्हणजे दुसरं काय असतं! जीव भांड्यात पडला. बऱ्याच दिवसांनी जेवलो.

१९ डिसेंबर
साइटवर आलेले लोक: एक. तो मीच.

२० डिसेंबर
लोक: एक. पुन्हा मीच. बाबा साइट उघडतच नाहीत! त्यांना फक्त ऑर्डरीचा मेसेज येतो. जगासमोर कबुलीजबाब टांगून ठेवलाय आणि जगातला एक माणूस तिकडे फिरकत नाही. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

बरं एवढंच की बिल्डिंगचं वातावरण सुधारलंय. जिन्यात सगळे हसून बघतात. सात नंबरच्या काकूंनी तर पाठीवरून हात फिरवला आणि नीट जेवतोस ना, असं विचारलं. वॉचमनने सलाम ठोकला. सणाचे दिवस आहेत, माणसं मऊ होतात. शिवाय कष्टाळू माणसाला समाज मान देतोच. डॉक्टरचाही फोन घेतला. मी ओरडा खायच्या तयारीत, तर तो हसत सुटला आणि सावकाश करा, घाबरू नका, म्हणाला. मी पाच फोन उचलले नाहीत, त्याचा हा परिणाम. क्लायंटला धाकात ठेवावं लागतं.

लॅपटॉप आज कपाटात जायचा होता. गेला नाही.

२२ डिसेंबर
बाबांचा फोन. मला काही सांगायचं आहे का, असं विचारलं. मी म्हणालो, घोडा मोठा केलाय. बरं, म्हणाले. आणखी काही? मी म्हणालो, थंडी वाढलीय. स्वेटर घाला, म्हणाले. मग फोन ठेवला.

बायकोनेही रात्री जेवताना तेच विचारलं. काही सांगायचंय का? या बापलेकींची एकच सवय. मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. भाजी मीच केली होती.

परवा चार वाजता चावी जाणार. छातीत कुणीतरी रंधा मारतंय असं वाटतं.

२४ डिसेंबर, सकाळ
आज सांगणार. लिहून ठेवतो म्हणजे पळता येणार नाही. आज सांगणार. आज सांगणार. बॅग भरली. टीव्हीशेजारचा घोडा पुरावा म्हणून घेतला.

२४ डिसेंबर, संध्याकाळ
झालं ते जसं झालं तसं लिहितो.

पावणेचारला दुकानात पोचलो. बायको बरोबर होती. बाबा काउंटरमागे, चावी समोर ठेवलेली. घड्याळ नेमकं माझ्या डोक्यावर टिकटिक करत होतं. गुडघे एकमेकांवर आपटत होते, आणि हे मी अलंकारिक लिहीत नाही, आवाज येत होता. घोडा काउंटरवर ठेवला. आणि म्हणालो, बाबा, कखग मीच. चछज पण मी. टठड पण. एकही माणूस आला नाही, बाबा. चावी देऊ नका. सगळं एका दमात, आणि रडत. रडणं ठरलेलं नव्हतं.

बाबा म्हणाले, माहीत आहे.

अठरा तारखेपासून माहीत आहे. त्या संध्याकाळी सात नंबरच्या काकूंचा फोन आला होता. त्यांना बहिणीच्या नातवासाठी घोडा हवा होता, म्हणून कार्डावरचं वेबसाइटचं नाव बघून साइट उघडली, तर ऑर्डरचं बटण दाबलं की काहीच होत नाही. मग पिवळी पट्टी वाचली आणि नंबर लावला. जावई म्हणजे चार नंबरचा मी, हे कळल्यावर तो बरा आहे ना, असंही विचारलं. मग काकूंनी बिल्डिंगला सांगितलं, बिल्डिंगने नातेवाइकांना, त्यातला कुणीतरी डॉक्टरच्या खुर्चीत बसलेला. सगळ्यांनी पट्टी वाचली. कुणाचंच बटण चाललं नाही.

मी तिथेच लॅपटॉप उघडला. खरं निघालं. मी कायम मालक म्हणून लॉगिन असायचो. माझं बटण चालायचं. बाकी जगासाठी ते पहिल्या दिवसापासून बंद होतं. आणि येणाऱ्यांची मोजणीही फक्त लॉगिन केलेल्या माणसाचीच होत होती.

जागामालकाला बाबांनी एकोणीसलाच नाही म्हणून कळवलं होतं. चावी काउंटरवर होती, कारण ती रोज तिथेच असते. बायकोलाही सगळं माहीत होतं. तिला बघायचं होतं, मी तोंड उघडतो की नाही. मी तिच्याकडे बघितलं तर ती दुसरीकडे बघत होती. सोनं वगैरे काही म्हणाली नाही.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. अठराच्या रात्री रंधा हातात घ्यावासा वाटला नाही, एवढंच म्हणाले. इतकी अनोळखी माणसं आपल्याला शोधत आली, असं त्यांना वाटलं होतं. हे सांगताना माझ्याकडे न बघता घोड्याचं चाक फिरवून बघत होते. मी सगळ्या घोड्यांचे पैसे देईन म्हणालो. ते म्हणाले, ते तर द्यालच.

मग फोन वाजला. कुणालातरी घोडा हवा होता, आणि तो जावई खरा आहे का, हेही विचारायचं होतं. बाबा म्हणाले, खरा आहे, समोरच उभा आहे. ऑर्डर मला लिहून घ्यायला लावली. नाव, पत्ता, सगळं. पूर्ण नाव होतं.

२५ डिसेंबर
सासरी. लॅपटॉप कपाटात नाही, मांडीवर आहे. सकाळपासून फोनवर ऑर्डरी मी घेतोय. बाबा मागच्या खोलीत कामाला लागलेत. शिट्टी अजून नाही. बायको चहा देऊन गेली. कप बशीसकट दिला. काल नुसता कप होता.

दुपारी विचारलं, बाबा, बटण दुरुस्त करू का? अर्ध्या तासाचं काम आहे. ते म्हणाले, बटण नको. घोड्याचे फोटो पण नकोत. लोक पट्टी वाचून हसतात, मग फोन करतात, मग त्यांच्याशी बोलणं होतं. पट्टी राहू द्या, बाकीची वेबसाइट काढून टाका.

काढली. तीन आठवड्यांचं काम. आता पानावर दोनच गोष्टी आहेत, माझा कबुलीजबाब आणि दुकानाचा नंबर. पान चटकन उघडतं, हे मात्र मान्य करावं लागेल.

बाबांनी चष्मा लावून ते नीट वाचलं. एकच दुरुस्ती सांगितली. 'भीतीपोटी' हा शब्द जरा मोठा करा.

केला.

आणखी थोडा, म्हणाले.