सतरंजीआडची तपासणी

भद्रावती,
४ फेब्रुवारी २०२५

चि. दिव्यानीस, बाबाचा जय भीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं प्रयोगशाळेचं पत्र पोचलं. आईचा चष्मा फुटलाय, म्हणून मीच वाचून दाखवलं. उंदराला इंजेक्शन टोचून काळ्या पेटीत ठेवता, आणि कॅन्सर असेल तिथे कॅमेऱ्याला उजेड दिसतो, हे तिने तीनदा वाचून घेतलं.

काल दुपारी तिने खिडकीला सतरंजी लावली आणि मला आ करायला लावलं. गालातल्या चट्ट्याकडे बराच वेळ पाहून म्हणाली, की काईच चमकून नाई राह्यलं, बिनकामाचे भेऊन राह्यले तुम्ही. लगेच शिरा केला. जीवात जीव आला बघ. चंद्रपूरच्या दवाखान्यात तपासणीसाठी चट्ट्याचा तुकडा काढायची तारीख होती, तिकडे गेलो नाही. तंबाखूचा खर्राही कमी केलाय, तेव्हा रागावू नकोस.

तुझा बाबा,
नागसेन

हैदराबाद,
८ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस, दिव्यानीचा सविनय जय भीम.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे स्पीड पोस्टाने. बाबा, उंदरात सोडायच्या कॅन्सरच्या पेशींत काजव्याचा गुण आम्ही आधी घालतो, म्हणून त्या उजळतात. माणसाचा रोग आपणहून चमकत नाही. मीच नीट लिहिलं नसेन.

मागच्या महिन्यात एका उंदराच्या फोटोत नुसता अंधार आला. मी वहीत निरोगी लिहून मोकळी झाले. आठवड्याने त्याच्या पोटात गाठ हाताला लागली. फोटोआधीचं, उजेड पाडणारं इंजेक्शन द्यायलाच विसरले होते मी. तेव्हापासून अंधाराची धास्ती घेतलीय, आणि तुम्ही त्यावर शिरा खाताय!

मला फार भीती वाटते. हे पत्र हाती पडताच चंद्रपूरला जा. आईला सांगा, चूक माझी. चिडून लिहिलंय, तरी माया पातळ करू नका.

तुमची,
दिव्यानी

भद्रावती,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. दिव्यानीस अ. आ.

काल जाऊन आलो, बाई. तुकडा काढला. गाल सुजलाय, पेजेवर आहे. अहवाल पुढच्या शनिवारी, २२ तारखेला.

चूक तुझी नाही. काजव्याचा गुण आधी घालावा लागतो, हे तू अगदी स्वच्छ लिहिलं होतंस. वाचून दाखवताना ती ओळ मीच गाळली. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी. पण तुझी आई महिनाभर धड जेवली नव्हती, आणि मलाही कुणीतरी ‘काही नाही झालं’ म्हणायला हवं होतं.

तिला वाटतं, मी दाढ दाखवायला गेलो होतो. शनिवारी सोबत यायचं म्हणते. तू आदल्या शुक्रवारपर्यंत ये. मला एकट्याने तिला सांगवत नाही.

वाट पाहणारा,
बाबा