सूर्य बुडायच्या आतली पंगत

इंझोरी

केशरीचंद शेठ यांस शालिग्रामचा रामराम आणि तुमच्या रीतीनं जय जिनेंद्र. गुडघे काय म्हणतात? पुण्याचं पाणी मानवलं का? (मानवलं असेल तर कळवू नकोस, मला वाईट वाटेल.) तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. हे तुला कापता येणार नाही.

तर योगिनीचा साखरपुडा झाला. लेकीच्या कार्याला येतोस का विचारलं, तेव्हा तू 'पाहतो' म्हणालास. वाशीमला तुझं दुकान होतं तेव्हा तुझं 'पाहतो' म्हणजे होच असायचं, म्हणून मी कामाला लागलो. तू दिवस बुडाल्यावर जेवत नाहीस, तेव्हा पंगत उन्हातच बसवली. कांदा, लसूण, आलू, वांगं, सगळं बंद. (तुझं एकट्याचं वेगळं ताट केलं की तू अवघडून अर्धपोटी उठतोस.) उदयसिंग आचारी हात बांधून उभा राहिला. "वांग्याबिगर पंगत? मले गावात तोंड दाखवाचं हाये, भाऊ." त्याला कसाबसा चुलीपाशी बसवला.

गाव जेवून गेलं, दिवस बुडाला, तू आला नाहीस. नवरदेवाकडचे किन्हीराजा गावचे सोयरे मात्र दिवे लागल्यावर उगवले (वेळेवर पोचणं आपल्याकडे मानाला शोभत नाही). त्यांच्या पानात गार वरण आणि दुधीची फिकी भाजी. पंगतीत कुजबुज सुरू झाली. शेवटी नवरदेवाचा काका माझ्या कानाशी लागला, "काहून जी, घरात कोनी वारलं काय? लपवून राह्यले असान तं नका लपवू." मी म्हटलं, "नाही जी, दोस्त येनार होता." त्यावर त्यानं तीच भाजी आणखी मागितली. पोरगी चांगल्या घरी चालली आहे, हे मला तिथं कळलं.

राजमतीवहिनी गेल्यापासून तू कुठंच जात नाहीस, हे मला ठाऊक आहे. रागावलो नाही. दोस्ती म्हणजे काय ते मला सांगता यायचं नाही. पण तू नव्हतास तर माझ्याच घरच्या कार्यात मी पाहुण्यासारखा फिरत होतो. तुझी फार आठवण येते, लेका.

तुझाच,
शालिग्राम

ता. क. लग्नाचा स्वयंपाक वांग्यासकट आहे, उदयसिंगपुढे मी हरलो. पण तुला जेवायला बोलवतच नाही. नवरीला मंडपात मामानं आणायचं असतं. गोजराबाईला सख्खा भाऊ नाही, राखी ती तुलाच बांधते. योगिनी म्हणते, "मामा आल्याबिगर मी खोलीतून निंगत नाही." आता तूच पाहा.

ता. क. (हे गोजराबाईला दाखवलेलं नाही.) तुझ्या श्रेयांसनं सांगितलं, तू पोरासुनेसमोर रडत नाहीस, न्हाणीत नळ सोडून बसतोस. इथं ये. पाठवणीला अख्खा मंडप रडतो, त्यात तुझं वेगळं कुणाला कळायचं नाही.