केसातलं मोरपीस

बल्लारशा, रविवार, १९५४

नाई, लाडानं 'जंगल्या' म्हणते म्हणून काय झालं? आज हुतुतूत मी चार गडी बाद केले, तर आमच्याच लाकूड डेपोचे लोकं ओरडून राह्यले, "धर त्याले, जंगल्या." जिंकल्यावर डेपोतल्या दौलतभाऊनं माझ्या केसात मोरपीस खोवलं. "गोंड कसा शोभला पाहिजे," म्हणे. मी तापानं पडलो तेव्हा हाच उशाशी बसला होता. दुश्मन असता तर बरं होतं.

मोरपीस आमच्या गावात नाचाच्या दिवशी बा आपल्या हातानं खोवते. इथी धुळीत, हसायसाठी?

मी म्हणलो, "भाऊ, माझं नाव सोमा हाये. तेच घेत जा."

"अबे, आपला म्हणून म्हणतो. राग काऊन?"

सगळे हसले. मीही हसलो. तेच जास्त झोंबून राह्यलं.

पुढच्या रविवारी खेळूच नये वाटते. पण जिंकलो की मुकादम दोन रुपये देते. तेवढ्यासाठी दोन दिवस ओंडके उचलावे लागते. खेळीन. पीस उशाखाली ठेवलं, फेकवत नाई.

उद्या बाले पैसे धाडतो. सोमाचे दहा, जंगल्याचे दोन. बारा रुपये.