नबीसाठी पाणी

अकोला, आश्विन शुद्ध द्वादशी, शके १७८७

कुलसुमबी चाचींना सूर्यभानचा सलाम.

मी अकोल्यास आत्याकडे सुखरूप आहे. शेतांत कापूस फुटू लागला आहे आणि भाव पडल्याची बोलणी घरोघर आहेत. बडनेऱ्यालाही तेच असेल. हे पत्र वाहेदचाचा वाचून दाखवतील. चाचा, एकही ओळ गाळू नका.

नबीच्या मयतीच्या चाळिसाव्याला त्याच्या जागी मी जेवायला बसावं, असा तुमचा निरोप पोचला. "माया पोराच्या पान्यासाठी धावला, तो मायाच पोरगा," असं तुम्ही म्हणालात. त्याचं उत्तर देण्याआधी कॉलेजाचं सांगतो. नबीनं सारं गोडच लिहिलं असणार.

दगडी इमारत, घंटा, हजेरी. पहिल्या दिवशी मी साहेबासमोर "मले" म्हणालो आणि वर्ग हसला. नबी मागून म्हणाला, "हसू दे बे. यायच्या अंगावरचा कापूस कुठून येते, थेही यायले मालूम नाई." ग्रंथालयात मात्र मी अधाशासारखा वाचत सुटलो. अमेरिकेतल्या ज्या लढाईनं आपल्या कापसाला सोन्याचा भाव आणला, ती गुलामांवरून चालली होती, हे मला तिथं कळलं.

जेवणाच्या पंगती जातवार. प्रत्येकीचा आचारी वेगळा, पाण्याचा रांजण वेगळा. नबी एकटाच मुसलमान. तो तबेल्यामागच्या खोलीत राही, स्वतः रांधी, आणि त्याचं पाणी गावातला पखालवाला आणून देई. त्याच्या भांड्यात कुणी आपल्या रांजणातलं पाणी घातलं, तर घालणारा पंगतीबाहेर. नियमांच्या पुस्तकात हे कुठंही लिहिलेलं नाही. सगळे पाळतात.

दर शनिवारी वादसभा भरे. नव्या मुलानं बोललंच पाहिजे. मी जातिभेदावर पाऊण तास बोललो. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर नबी म्हणाला, "सूर्या, तू बोलतो तं भिंती हालतेत. चाल, आज माया खोलीत भाकर खाय."

"परीक्षा होऊ दे ना," मी म्हणालो.

"तवरक शिळी होईन ते," म्हणाला आणि हसला.

भाद्रपदात पटकी आली. आचारी पळाले, निम्मी मुलं घरी गेली. पखालवाला दोन दिवस फिरकला नव्हता. भर दुपारी मी नबीच्या खोलीत गेलो. तो पटकीनं निपचित पडला होता, सुरई कोरडी होती. "पानी दे," एवढंच बोलला.

आमचा रांजण व्हरांड्यात भरलेला होता. वीस पावलांवर. त्याच्याजवळ आमच्या पंगतीतली दोन मुलं पुस्तक घेऊन बसली होती.

चाची, मी धावलो हे खरं आहे. त्या रांजणाजवळून धावत गेलो, पखालवाल्याला शोधायला, अर्धा कोस. त्याच्या पाया पडून त्याला घेऊन आलो. तोवर नबी गेला होता. तोंड उघडंच होतं.

सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, त्या दोघांनीही. चाचांना मी लिहिलं, पाण्यासाठी धावलो. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. रांजणाचं लिहिलं नाही.

सभेत मी जे बोललो ते खरं होतं. माणसाच्या हातानं पाणी बाटत नाही, हे आजही कुणाही शास्त्र्यासमोर उभा राहून सांगेन. पण हे खरं आहे असं मानणारा त्या व्हरांड्यात मी एकटाच होतो. त्या दोघांना तर पाणी बाटतं हेच खरं वाटत होतं. म्हणून त्यांच्यापेक्षा माझा अपराध मोठा. कॉलेज मी सोडलं आहे. कॉलेजाला दोष देऊन मला सुटता येत नाही. रिवाज त्यांचा होता, पाय माझे होते.

चाळिसाव्याला मी येतो. हे ऐकून दार लावून घेतलंत, तर बाहेर उभा राहीन. आत घेतलंत, तर जेवेन. मग जात वाळीत टाको. मात्र नबीच्या जागी मला बसवू नका. ती जागा मोकळी राहू द्या.

पत्राखाली नातं लिहितात. ते तुम्ही सांगाल तेव्हा लिहीन.

सूर्यभान नत्थुजी