पवित्र शास्त्राची खरी नक्कल

१ जानेवारी २०२५, बुधवार

आजपासून संपूर्ण पवित्र शास्त्र स्वतःच्या हाताने उतरवून काढणार. जुना करार, नवा करार, दोन्ही. आमच्या खांडबाऱ्याच्या मंडळीत वाहरू गुरुजींनी नुसता नवा करार उतरवला, तर परवा नाताळात त्यांना शाल, हार आणि दोन भाषणं मिळाली. मला शाल नको. मी हे देवासाठी करतोय. पण करायचंच तर अर्धवट कशाला?

शिवाय अनुभव. तलाठी म्हणून आयुष्य सातबारे उतरवण्यात गेलं. कॉम्प्युटर आला तेव्हा तहसीलदारसाहेब स्वतः म्हणाले होते की जालमसिंग भाऊसाहेबांच्या अक्षरापुढे प्रिंट फिका. प्रत्येक वहीच्या शेवटी 'अस्सलबरहुकूम खरी नक्कल' लिहून सही करणार. ईस्टरपर्यंत आरामात उरकेल.

बायकोला, दिवलीबाईला, हा संकल्प सांगितला. म्हणाली, शुगरची गोळी घेतली का?

मोठ्या गोष्टींचं हिला काही म्हणता काही नाही.

३ जानेवारी

उत्पत्ती सुरू. पृथ्वी झाली, झाडं झाली, माणूस झाला. वेग उत्तम. गोळी विसरलो, पण नवीन माणूस निर्माण होत असताना गोळीसाठी कोण उठणार.

थंडी मरणाची. पावलं बधिर. दिवलीबाईने टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी आणून ठेवली. लिहिणाऱ्याची बायको अशी पाहिजे.

५ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर मंडळीत सहज विषय काढला. चार जणांजवळ काढला. पाळक सुरुपसिंग यांनी हात हातात घेऊन शाबासकी दिली. वाहरू गुरुजी म्हणाले, जुना करार फार मोठा आहे हो भाऊसाहेब. म्हटलं, आहे ना, म्हणून तर.

८ जानेवारी

आज कृपा झाली!

नोहाचं तारू चाललं होतं. एक एक लांबी-रुंदी नीट उतरवत होतो, कारण मोजमापाच्या बाबतीत मी पहिल्यापासून काटेकोर. काहीतरी करपल्याचा वास आला. म्हटलं शेजाऱ्यांची भाकर. मग दिवलीबाई ओरडतच आली आणि शेगडी लाथेने उडवली. माझ्या डाव्या पायातला मोजा जळत होता. अंगठ्यावर बोराएवढा फोड.

मला काहीही जाणवलं नाही. काही म्हणजे काही नाही! ती रडायला लागली. मी तिला समजावलं की याला एकाग्रता म्हणतात. वाहरू गुरुजी लिहिताना डास चावला तरी उठायचे, मी स्वतः पाहिलंय. आणि इथे माणूस पेटला तरी ओळ चुकली नाही.

१२ जानेवारी

फोड फुटला. हळद लावली. वरून स्वच्छ मोजा. दिवलीबाई रोज सकाळी एकच विचारते, दुखतं का? मी खरं तेच सांगतो, नाही. मग ती जास्तच काळजीत पडते. दुखलं असतं तर काय पेढे वाटले असते?

१८ जानेवारी

वंशावळी. इथे भले भले कंटाळतात, असं पाळक म्हणाले होते. मला उलट घरी आल्यासारखं वाटलं. ही तर वारस नोंद! हात आपोआप चालायला लागला. दुपारी वाचून पाहिलं तर 'सदर इसम मयत, वारस खालीलप्रमाणे' असं लिहिलं गेलंय. वाईट वाटत नाही. मूळ मजकुरापेक्षा स्पष्टच वाटतं. ठेवून दिलं.

जिथे तेच ते पुन्हा येतं तिथे 'वरीलप्रमाणे' लिहायचं ठरवलं. कागद वाचतो, शाई वाचते. इतकी वर्षं सरकारला चाललं, देवाला का चालू नये.

२६ जानेवारी, रविवार

मुलगी सोनम नवापूरला शिक्षिका आहे. झेंडावंदन आटोपून व्हिडिओ कॉल केला. आईने चहाडी केलेलीच होती. पप्पा, पाय दाखवा. दाखवला. दुसरा दाखवा. तोही दाखवला. बरे दिसतात की, म्हणाली.

उजवाच दोनदा दाखवला. खोटं बोललो नाही. तिने डावा म्हटलं असतं तर डावा दाखवला असता. पोरीची दहावीची पोरं आहेत, परीक्षा तोंडावर, उगाच तिच्या जिवाला घोर कशाला.

३ फेब्रुवारी

दुसरं पुस्तक, निर्गम, अर्ध्यावर. पुढे लेवीय. ईस्टरचं थोडं मागेपुढे होईल.

अंगठ्याच्या टोकाला काळं दिसलं. जेलपेनची शाई. परवा पेन खाली पडलं होतं. साबणाने धुतलं, निघाली नाही. आजकाल शाई चांगली येते.

५ फेब्रुवारी

मलम संपलं म्हणून रतिलालच्या मेडिकलवर गेलो. तो काउंटरमागून नाक वर करून इकडेतिकडे बघत होता. मग माझ्या मोज्याकडे बघून म्हणाला, "भाऊसाहेब, मलमना भरोसे नका ऱ्हा. नंदुरबारले जा, आजच." मी म्हटलं, लेवीय सुरू करायचंय. तो म्हणाला, "कोण लेवीय?"

या लोकांना काय सांगणार. मलम द्यायला मात्र कुरकुर केली. धंद्यातला माणूस स्वतःहून गिऱ्हाईक परत पाठवतो, यात मला काहीतरी काळंबेरं वाटतं.

९ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला शेवटच्या बाकावर बसलो. खिडकीजवळची जागा बरी. आमच्या बाकावरची माणसं एकेक करून पुढच्या बाकावर गेली. पुढे बसावंच माणसाने, मी नेहमी सांगतो.

चप्पल नीट शिरत नाही. चपला हल्ली लहान करतात.

१२ फेब्रुवारी

लेवीय, अध्याय तेरावा. याच्याइतका रटाळ भाग आजवर आला नाही. कातडीवर डाग उठला तर काय करावं, तो कातडीपेक्षा खोल दिसतो का, पसरतो का, याजकाने तपासावं, सात दिवसांनी परत तपासावं, भाजलेल्या जागी डाग उठला तर पुन्हा तेच. अहो, किती! ज्याला लागू असेल त्याने वाचावं. मी पहिला परिच्छेद पूर्ण उतरवला, दोन-चार मोठे मुद्दे टिपले आणि पुढे सगळीकडे 'वरीलप्रमाणे' मारलं. भाजलेल्या जागेचा भागही 'वरीलप्रमाणे'. तासाभरात अध्याय खलास.

टेबलाखाली मुंग्या झाल्यात. रांग थेट माझ्या खुर्चीपर्यंत येते. चहा सांडला असणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

मी उपासनेला गेलो नाही म्हणून पाळक सुरुपसिंग घरी आले. अपेक्षा होती. वह्या समोर ठेवल्या. त्यांनी रुमाल नाकाला लावून पानं उलटली. सर्दी असावी. मग थांबले. 'सदर इसम मयत' वर बोट ठेवलं. मग तेराव्या अध्यायावर. म्हणाले, भाऊसाहेब, हे शास्त्र आहे, फेरफार नाही. यातला एक शब्द गाळायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

तेहतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नकलेवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. शरमेने मान वर होईना.

जाताना त्यांनी दिवलीबाईला ओट्यावर बाजूला नेलं. बराच वेळ कुजबुज. परत आली तर डोळे लाल. म्हणाली, पाळक म्हणतात उद्याच नंदुरबारला जायचं, गाडी ते सांगतात. मी म्हटलं, पाळकांनीच चूक काढली ना? मग ती आधी दुरुस्त होणार. तेरावा अध्याय शब्दन् शब्द लिहिल्याशिवाय मी या खुर्चीतून हलणार नाही.

ती म्हणाली, तेवढं झालं की चलाल? म्हटलं, चलतो. तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. मग पेनं आणून दिली, दिवा जवळ सरकवला आणि दारात बसून राहिली.

१८ फेब्रुवारी

अक्षर हलतंय. पेन खराब. अध्याय फार मोठा आहे. मागे कसा तासात झाला होता कोण जाणे.

अंगात कणकण. बाहेर ऊन चटकायला लागलंय आणि मी दोन गोधड्या घेऊन बसलोय. दिवलीबाईने विचारलं, किती राहिलं? म्हटलं, थोडं. मोजा बदलते म्हणाली. नको म्हटलं. मोजा काढला की लय तुटते.

१९ फेब्रुवारी

भाजलेल्या जागेच्या भागाशी आलो. सावकाश, एकेक शब्द. जागा कशी दिसते, खोल आहे का, पसरली का. लिहिता लिहिता हात थांबला. उगाच टेबलाखाली वाकून बघावंसं वाटलं.

नाही बघितलं. लिहिताना नजर मजकुरावर पाहिजे, नाहीतर पुन्हा चूक होते.

घाबरलो, हे खरं आहे. का घाबरलो ते सांगता येत नाही. बहुतेक तापामुळे.

२० फेब्रुवारी

तीच ओळ परत लिहिली वाटतं. परत लिहिली. दिवलीबाई विचारते, झालं का? तिला वाचता आलं असतं तर तिने एव्हाना पूर्ण करून टाकलं असतं, असं तिच्या तोंडाकडे बघून वाटतं.

२१ फेब्रुवारी

सोनम जीप घेऊन आली. आईने बोलावलं. चार ओळी राहिल्या होत्या! किती सांगितलं, चारच ओळी, एवढ्यात होतात. सोनमने ऐकलं नाही. खाली बसली आणि मोजा कात्रीने कापला. मग तोंडावर हात धरून अंगणात गेली आणि ओकली.

जीपमध्ये वही मांडीवर घेतली होती. खड्ड्यांमुळे लिहिता आलं नाही. रस्त्यांची ही अवस्था.

२२ फेब्रुवारी, नंदुरबार

मोठा दवाखाना. तरुण डॉक्टर. किती दिवस झाले विचारलं. मी म्हटलं, आताच झालंय. दिवलीबाई म्हणाली, नोहापासून. डॉक्टरला कळलं नाही.

तो बराच वेळ बोलला. विष वर चढतंय, पाय की जीव, असं काहीतरी. डॉक्टर लोक भीती घालतात. मी विचारलं, फक्त साफ करणार ना? त्याने सोनमकडे पाहिलं. कागदावर सही केली. सही अजूनही पहिल्यासारखी येते.

२४ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. छान झालं म्हणाले. कुठून केलं विचारलं, तर गुडघ्याखालून. आता गुडघ्याखाली म्हटलं की पोटरी येते, घोटा येतो, पाऊल येतं, अंगठा येतो. त्यातला खराब होता तो अंगठा. बाकीच्याला हात लावायचं त्यांना कारणच काय?

मी खाली बघितलं नाही. पांघरूण नीट घातलेलं होतं, विस्कटायचं कशाला.

सोनम सारखी बाहेर जाते. दिवलीबाई पलंगाशी बसून असते. आज तिने विचारलं नाही, दुखतं का. पहिल्यांदाच विसरली.

२७ फेब्रुवारी

अंगठा दुखतोय!

डावा. तोच. सकाळी उठलो तो ठणक्यानेच. असा ठणकतोय की नखाच्या मुळापासून कळ येते. इतके दिवस एकदाही दुखला नाही आणि आज चांगला जिवंत दुखतोय. म्हणजे उपचार लागू पडला. दोन आठवड्यांत घरी. राहिलेल्या चार ओळी, मग पुढचं पुस्तक, गणना.

दिवलीबाई खाली सतरंजीवर पडली होती. तिला हाक मारली. म्हटलं, ऐक, दुखतंय गं. अंगठा दुखतोय, खूप दुखतोय. मला वाटलं खूश होईल, एवढे दिवस हेच ऐकायला टपली होती.

ती उठली. पलंगाच्या टोकाशी गेली, जिथे माझा पाय येतो तिथे, आणि पांघरुणावर हात ठेवला. हात खाली गेला, पार गादीला टेकला. तिने तो तिथेच सपाट ठेवला आणि हळूहळू चोळायला लागली, लहान पोराचं अंग चोळतात तसं.

इथे का? तिने विचारलं.

मी म्हटलं, हो, तिथेच.